सिकलसेल: कारण कळले, औषध राहिले

१९१० साली शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी ग्रेनाडाहून शिकायला आलेल्या एका तरुणाच्या रक्तात विळ्यासारख्या वाकड्या लाल पेशी आढळल्याचे प्रसिद्ध केले. १९४९मध्ये लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत असल्याचे दाखवले. पुढच्याच दशकात व्हर्नन इंग्रॅम यांनी तो एका अमिनो आम्लाच्या बदलापर्यंत नेऊन पोहोचवला. तरीही हाडांत कळा उठल्या की रुग्णाला वेदनाशामक, सलाईन आणि रक्त यांपलीकडे फारसे काही मिळत नव्हते. मूळ सापडले की औषधही सापडते, हा समज या आजाराने खोटा पाडला. दिलासा मिळाला तो जुन्याच, स्वस्त औषधांच्या काटेकोर चाचण्यांतून.

सिकलसेलच्या बाळांची प्लीहा लवकर निकामी होते आणि न्यूमोकोकसचा संसर्ग त्यांच्या जिवावर बेततो. १९८६च्या अमेरिकी चाचणीत १०५ मुलांना रोज दोनदा पेनिसिलिन दिले, ११० जणांना दिले नाही. पहिल्या गटात दोघांना गंभीर संसर्ग झाला, दुसऱ्यात तेरा जणांना, आणि त्यांतली तीन मुले दगावली. चाचणी आठ महिने आधीच थांबवून सर्वांना पेनिसिलिन सुरू झाले. गर्भातले हिमोग्लोबिन वाढवणाऱ्या हायड्रॉक्सियुरियाची २९९ प्रौढांवरची चाचणी १९९५मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षाला साधारण साडेचार वेळा येणारे कळांचे झटके अडीचवर आले.

हे औषध मुळात कर्करोगावरचे, म्हणून धास्ती वाटणे रास्त आहे. त्यासाठी पेशींची नियमित मोजणी करावीच लागते. साधने तुटपुंजी असलेल्या भागात हे जमणार नाही, या शंकेला आफ्रिकेतल्या चार देशांतील मुलांवर झालेल्या आणि २०१९मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने उत्तर दिले: कळा, मलेरिया आणि मृत्यू, तिन्ही घटले. गोळ्यांनी आजार मुळापासून जात नाही, हेही खरे. पण २०२३मध्ये मंजूर झालेल्या एका जनुकीय उपचाराची अमेरिकेतली किंमत बावीस लाख डॉलर आहे. गडचिरोली आणि नंदुरबारमधल्या मुलांनी तो स्वस्त होईपर्यंत थांबायचे का?

भारताने जुलै २०२३मध्ये सात कोटी लोकांच्या तपासणीची मोहीम हाती घेतली. पण निदानाचे कार्ड म्हणजे उपचार नव्हे. प्रत्येक रुग्णाला हायड्रॉक्सियुरिया आणि बाळांना पेनिसिलिन गावाजवळच्या आरोग्य केंद्रात वर्षभर, खंड न पडता मिळालेच पाहिजे.