अंदलूसचे माळी

स्पेनमधील मुस्लिम राजवटीचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर कोर्दोबाची मशीद येते, ग्रॅनडाचा अलहंब्रा येतो. १४९२ साली ग्रॅनडा हातचे गेले हे आठवून आपण हळहळतो आणि विषय तिथेच संपतो. इतिहास म्हणजे तख्त आणि इमारती, अशी आपल्याला सवयच जडली आहे. पण अंदलूसच्या साध्या माणसाकडे आणखी एक ठेवा होता. घराभोवतीची झाडे बाराही महिने कशी सांभाळावीत याची विद्या. अरबीत शेतीबागेच्या या विद्येला 'फिलाहा' म्हणतात.

इ.स. ९६१ च्या सुमारास खलिफा दुसरा अल-हकम याच्या काळात कोर्दोबात एक पंचांगवजा पुस्तक तयार झाले. अरीब इब्न सअद हा मुस्लिम विद्वान आणि रबी इब्न झैद हा ख्रिस्ती बिशप, अशा दोघांची नावे त्याच्याशी जोडली जातात. त्यात महिनावार कामे दिली आहेत. जानेवारीत झाडात रस चढू लागतो, तेव्हा जैतून आणि डाळिंबाच्या फांद्या रोवाव्यात, लवकर फळणाऱ्या द्राक्षवेली छाटाव्यात. फेब्रुवारीत सफरचंद आणि नासपतीची कलमे बांधावीत, मार्चमध्ये अंजिराची. झाड जागे होण्याच्या वेळी बांधलेले कलम चटकन जुळते, हे त्यांनी ओळखले होते. त्याच फेब्रुवारीत उन्हाळी मोहिमेच्या सैनिकभरतीची पत्रे धाडण्याचीही नोंद आहे. पुढच्या इतिहासात मोहिमा आल्या, कलमे मात्र राहून गेली.

अकराव्या शतकात तोलेदोच्या राजबागेत इब्न बस्साल नावाचा जाणकार होता. हजच्या प्रवासात त्याने सिसिली आणि इजिप्त पाहिले होते. त्याने जमिनीचे दहा प्रकार सांगितले आणि ऋतूप्रमाणे प्रत्येक जमिनीचा गुण कसा बदलतो तेही सांगितले. पाऊस, नदी, झरा आणि विहीर अशी पाण्याचीही चार प्रकारांत विभागणी केली. १०८५ मध्ये तोलेदो पडले आणि तो सेव्हिलला गेला. राज्य गेले तरी विद्या त्याच्याबरोबर चालत गेली.

बाराव्या शतकाच्या अखेरीस सेव्हिलच्या इब्न अल-अव्वामने 'किताब अल-फिलाहा' हा मोठा ग्रंथ लिहिला. जुन्या ग्रंथकारांची मते तो देतो, पण सेव्हिलजवळच्या टेकड्यांवर स्वतः केलेले प्रयोगही सांगतो. पाणी वाचवण्यासाठी झाडाच्या मुळाशी पाण्याची मडकी ठेवून थेंबथेंब पाणी पाझरू देण्याची रीत त्याच्या ग्रंथात आहे. आपल्याकडे उन्हाळ्यात रोपाशेजारी मडके पुरणाऱ्या शेतकऱ्याला ती सांगितली, तर त्याला नवल वाटणार नाही.

१३४८ मध्ये अलमेरियाच्या इब्न लुयूनने शेतीवर पद्यग्रंथ रचला. घराची बाग कशी असावी हे त्यात आहे. घर जरा उंचावर, दक्षिणेकडे तोंड करून असावे. जवळ विहीर किंवा हौद असावा. हौदाकाठी सदाहरित झाडे, त्यापुढे फुले, त्यांच्या पलीकडे फळझाडे आणि कडेने द्राक्षवेली असाव्यात. थंडीत ऊन घरात येईल आणि उन्हाळ्यात पाण्याजवळ सावली मिळेल, असाच हा सारा बेत दिसतो.

मग १६०९ उजाडले. सक्तीने ख्रिस्ती केलेल्या मुसलमानांच्या वंशजांना, म्हणजे मोरिस्कोंना, देशाबाहेर घालवण्याचा हुकूम निघाला. १६१४ पर्यंत सुमारे तीन लाख माणसे घालवली गेली. व्हॅलेन्सियाच्या हुकुमात एक विलक्षण कलम होते. शंभरातली सहा कुटुंबे मागे ठेवावीत, म्हणजे घरे, साखरेचे कारखाने, भातपीक आणि पाटपाणी सांभाळले जाईल, आणि नव्याने येणाऱ्यांना ती शिकवतील! ज्यांना नकोसे ठरवले त्यांच्या हातांची गरज त्याच कागदावर कबूल केली होती. प्रत्यक्षात जवळजवळ कुणीच थांबले नाही.

तरी काही उरलेच. पाण्याच्या पाटाला स्पॅनिशमध्ये आजही 'असेकिया' म्हणतात, तो अरबी 'अस-साकिया'. हौदाला 'अल्बेर्का', जैतुनाच्या फळाला 'असेइतूना'. आणि १८०२ साली माद्रिदमध्ये इब्न अल-अव्वामचा ग्रंथ अरबी मजकूर आणि स्पॅनिश भाषांतरासह छापला गेला. माणसे घालवून दोन शतके होत आली होती, आणि देशाची शेती सुधारावी म्हणून त्यांच्याच पूर्वजाचे पुस्तक उघडावे लागले.

यातून आपण काय घ्यायचे? केवळ अभिमान घेऊन भागणार नाही. 'बाग', 'कलम', 'हौद', 'हंगाम', 'मोसम' हे फारसी-अरबी शब्द मराठी शेतकरी रोज बोलतो, ते परके आहेत असे त्याला वाटत नाही. आपल्यातील बागवान समाजाचे तर नावच बागेवरून पडले आहे. कोकणातल्या मुस्लिम घरांच्या मागेही नारळ, आंबा, फणस पिढ्यान्‌पिढ्या उभे आहेत. कोणत्या महिन्यात आळे करायचे, खत किती मुरवायचे, कलम कधी बांधायचे, हे त्या घरांतल्या वृद्धांच्या हातात आहे. इब्न अल-अव्वामने लिहून ठेवले म्हणून सहाशे वर्षांनी ते कुणाच्या तरी उपयोगी पडले. आपल्या वडीलधाऱ्यांच्या हातातली विद्या आपण कागदावर उतरवली, तर आपल्या इतिहासात तख्ताशेजारी माळ्यालाही जागा मिळेल.