व्हॉल्व्हवाला सीडी प्लेअर: जोडणी, निगा आणि बिघाड कसा शोधायचा

मामांनी घर बदललं तेव्हा त्यांचा सीडी प्लेअर आमच्या दिघाशीच्या घरी आला. चांगलाच जड. चालू केला की वरच्या जाळीतून काचेच्या दोन नळ्या नारिंगी दिसायला लागतात. चुलत भावाने पहिला प्रश्न विचारला, "दादा, याला ब्लूटूथ आहे का?" नाहीये. पण माझ्या आजोबांच्या हरिपाठाची एकमेव प्रत एका सीडीवर होती आणि घरात सीडी वाजवणारं दुसरं काहीच उरलं नव्हतं. म्हणून मी हे यंत्र शिकून घेतलं. तुमच्याकडेही काकांचं, मामांचं असं एखादं यंत्र पडून असेल तर हे वाचा.

आत नक्की काय असतं?

सीडी वाचणारा भाग इतर प्लेअरसारखाच. चकतीवर ७८० नॅनोमीटरचा लेझर पडतो, परतणाऱ्या प्रकाशातल्या बदलांवरून १ आणि ० ओळखले जातात. प्रत्येक चॅनेलसाठी सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा. डॅक नावाची चिप त्यातून विजेची लहर बनवते. इथपर्यंत व्हॉल्व्हचा काही संबंध नाही. ही लहर अ‍ॅम्प्लिफायरकडे जाण्याआधीचा शेवटचा टप्पा फक्त व्हॉल्व्ह सांभाळतात.

गंमत बघा. गीतरामायण १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवर सुरू झालं, तेव्हा लोकांनी ते व्हॉल्व्हच्या रेडिओवर ऐकलं. पहिला सीडी प्लेअर जपानमध्ये बाजारात आला ऑक्टोबर १९८२ मध्ये. तोपर्यंत रेडिओतून व्हॉल्व्ह कधीच हद्दपार झाले होते. म्हणजे या दोघांची जोडी हौशी लोकांनी मुद्दाम जमवलेली आहे.

आवाज 'उबदार' होतो म्हणतात. खरं सांगायचं तर व्हॉल्व्ह सुरात थोडी विकृती मिसळतो, मुख्यतः दुसऱ्या हार्मोनिकची, आणि ती कानाला गोड लागते. अचूकतेत फोनला लावायचा स्वस्त डॅकसुद्धा त्याला मागे टाकू शकतो. मला तरीही आवडतो, तो भाग वेगळा.

जोडणी

आधी मागची पट्टी वाचा. १०० व्होल्ट लिहिलेलं असेल तर यंत्र जपानी बाजाराचं आहे, आपल्या प्लगात थेट लावायचं नाही. २२० लिहिलेलं असेल तरी जरा थांबा. बहुतेक छोट्या व्हॉल्व्हचं फिलामेंट ६.३ व्होल्टवर चालतं आणि आत वेगळं रेग्युलेशन नसेल तर घरातला व्होल्टेज वाढला की तोही त्याच प्रमाणात वाढतो. २२० च्या यंत्राला २४० मिळाले तर फिलामेंटला जवळपास ६.९ व्होल्ट जातात, म्हणजे ९ टक्के जास्त. साधारण १० टक्क्यांपर्यंत चालून जातं, त्यापुढे व्हॉल्व्हचं आयुष्य कमी होतं. आमच्याकडे मीटर लावून बघितलं तर दुपारचा आकडा वेगळा, रात्रीचा वेगळा. मी चांगला स्टॅबिलायझर लावलाय.

थ्री पिन प्लगची अर्थची पिन कधीही काढू नका. घूंऽऽ आवाज बंद करायला काही जण हे सुचवतात. आत शंभर ते अडीचशे व्होल्ट डीसी फिरत असतो, तो बॉडीवर आला तर तुम्हाला वाचवणारी तीच एक तार आहे.

यंत्राच्या वर हातभर जागा मोकळी ठेवा, कापडी कव्हर घालून चालू करू नका (आमच्या आईने घातलं होतं, विणलेलं). स्पीकरच्या डोक्यावरही नको, व्हॉल्व्हला कंप जाणवतो. चालू केल्यावर अर्धा मिनिट आवाज येत नाही, कारण व्हॉल्व्ह तापेपर्यंत आतला रिले आवाज अडवून ठेवतो. हा बिघाड नाही.

निगा

वापरून झालं की बंद करा. छोटे व्हॉल्व्ह काही हजार तास टिकतात, पण रात्रंदिवस चालू ठेवलं तर वर्षाचे ८,७६० तास होतात. हिशोब तुम्हीच करा. पावसाळ्यात सॉकेटच्या पायांवर ऑक्साइड चढतं आणि खरखर सुरू होते. यंत्र बंद करून, प्लग काढून, गार होऊ द्यायचं. मग व्हॉल्व्ह सरळ वर ओढून दोनतीनदा आत-बाहेर करायचा. पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. पण हे फक्त व्हॉल्व्ह बाहेरून काढता येत असतील तरच. झाकण उघडायचं असेल तर जाणकाराला बोलवा, कारण प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि ती जीवघेणी असू शकते.

नवीन व्हॉल्व्ह घेताना नंबर बघूनच घ्या. ईसीसी ८२ आणि १२एयू७ ही एकाच व्हॉल्व्हची दोन नावं. ईसीसी ८८ सुद्धा त्याच नऊ पायांच्या सॉकेटमध्ये बसतो, पण त्याच्या फिलामेंटची जोडणी वेगळी असते. बसला म्हणजे चालेल, असं नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला विचारत फिरलात तर व्हॉल्व्ह मिळू शकतात, मात्र जुना माल तपासून घ्या. काचेच्या आत चंदेरी डाग असतो, तो दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली आहे. फुकट दिला तरी घेऊ नका.

बिघाड

एकाच बाजूने खरखर येत असेल तर डावा-उजवा व्हॉल्व्ह अदलाबदल करा, अर्थात दोन्हींचा नंबर एकच असेल आणि प्रत्येक बाजूला एक व्हॉल्व्ह असेल तर. खरखर दुसऱ्या बाजूला गेली तर व्हॉल्व्ह खराब. तिथेच राहिली तर केबल, सॉकेट किंवा पुढचं सर्किट बघा. चालू असताना पेन्सिलच्या रबराने व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारली आणि स्पीकरमधून मोठ्याने टंणकार आला तर तो व्हॉल्व्ह म्हातारा झालाय. काही यंत्रांना मागे दोन आउटपुट असतात, एक व्हॉल्व्हचं आणि एक ट्रान्झिस्टरचं. दोन्हीकडे बिघाड सारखाच असेल तर व्हॉल्व्ह निर्दोष समजा.

आता माझी फजिती. हरिपाठाची सीडी घातली की 'नो डिस्क'. एका दुरुस्तीवाल्याने सांगितलं, व्हॉल्व्ह गेले. मी इंजिनियर असून मान डोलावली आणि नवीन जोडी विकत घेतली. परत 'नो डिस्क'. वर मी काय लिहिलंय आठवा: चकती वाचण्याशी व्हॉल्व्हचा संबंधच नाही! व्हॉल्व्ह गेला तर सीडी फिरते, आकडे पुढे सरकतात, फक्त आवाज येत नाही किंवा खराब येतो.

खरी खूण वेगळीच होती. दुकानातून घेतलेल्या छापील सीडी वाजत होत्या, घरी बर्न केलेली वाजत नव्हती. बर्न केलेल्या सीडीत माहिती रंगद्रव्याच्या थरात असते, परावर्तन छापील सीडीपेक्षा कमी असतं, वर्षांनी तो रंगही उतरतो. लेझरची भिंग मळली किंवा लेझर थकला की आधी अशाच चकत्या अडतात. माझ्या यंत्रात चकती वरून ठेवतात, त्यामुळे भिंग समोरच दिसते. बंद यंत्रात आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या इअरबडने अगदी हलक्या हाताने पुसली. चालू यंत्रात तिकडे डोकावू नका, तो प्रकाश डोळ्यांना धड दिसतही नाही. आणि लेझरजवळचा छोटा स्क्रू फिरवून पॉवर वाढवायचा मोह आवरा.

त्यानंतर चकती वाचली, पण मध्येच अडखळत. मग पुन्हा वाजवायचा हट्ट सोडला आणि आधी प्रत काढली. मित्राच्या जुन्या लॅपटॉपच्या ड्राइव्हवर, सगळ्यात कमी वेगाने, चुकलेला भाग पुन्हापुन्हा वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने. चकती मध्यापासून कडेकडे सरळ रेषेत पुसून घेतली, गोल गोल नाही. शेवटचे दोन अभंग आले नाहीत, बाकी सगळं आलं. फाइल आता तीन ठिकाणी आहे, आणि एक प्रत नव्या सीडीवर बर्न केली, कारण आजीला फोनवर ऐकायचं नव्हतं. तिला व्हॉल्व्ह पेटलेले बघत ऐकायचं होतं.