हृदयाला मेंदू लागत नाही, रक्त लागतं

फेब्रुवारी १९६८. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका माणसाचं हृदय दुसऱ्याच्या छातीत बसवलं. केप टाउनमध्ये डॉ. ख्रिश्चन बर्नार्ड यांनी जगातलं पहिलं मानवी हृदय प्रत्यारोपण केलं, त्याला तेव्हा जेमतेम अडीच महिने झाले होते. सेन यांची शस्त्रक्रिया जगातली सहावी आणि भारतातली पहिली. रुग्ण सुमारे तीन तासच जगला, त्यामुळे ही घटना बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली जाते.

पण स्नायूंच्या पेशींचा अभ्यास करणाऱ्याला तिथे एक प्रश्न अडवतो, आणि आज तोच तुमच्यासमोर मांडायचाय. हृदय काढताना त्याला जोडलेले सगळे चेतातंतू कापले जातात. नव्या छातीत फक्त रक्तवाहिन्या आणि हृदयाच्या भिंती शिवतात, चेतातंतू नाही. दंडाच्या स्नायूचा चेतातंतू तुटला तर हात लुळा पडतो. मग हृदय कसं काय चालतं?

एक लांब दोरी, एक विणलेली जाळी

आधी साम्य बघू. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही स्नायूंवर आडवे पट्टे दिसतात. आकुंचन पावणारं एकक दोन्हीकडे सारखंच, साधारण २ मायक्रोमीटर लांबीचं. अ‍ॅक्टिन आणि मायोसिन या प्रथिनांचे धागे एकमेकांवर सरकतात आणि पेशी आखडते. म्हणजे यंत्र एकच आहे. फरक आहे तो यंत्र चालवण्याच्या पद्धतीत.

हाडांना जोडलेल्या, म्हणजे कंकाल स्नायूचा एकेक तंतू कित्येक सेंटिमीटर लांब असू शकतो. अनेक पेशी एकत्र मिसळून तो तयार होतो, म्हणून त्यात शेकडो केंद्रकं असतात. प्रत्येक तंतू शेजाऱ्यापासून वेगळा, आणि प्रत्येकाला चेतातंतूकडून स्वतंत्र हुकूम. म्हणूनच तुम्ही सुईत दोरा ओवताना मोजकेच तंतू वापरता आणि पाण्याची घागर उचलताना बरेच जास्त.

हृदयाची पेशी याउलट आखूड, साधारण १०० मायक्रोमीटरची. तिला फाटे फुटलेले असतात, केंद्रक बहुधा एक किंवा दोन. टोकाला ती शेजारच्या पेशीला एका चकतीसारख्या सांध्यानं घट्ट जोडलेली असते. या सांध्यात बारीक भोकं असतात. त्यांतून विद्युतभारित कण पलीकडे जातात आणि एका पेशीतला विद्युत संकेत पुढच्या पेशीत पोचतो. एक पेशी पेटली की सगळी जाळी पेटते. इथे मोजक्याच पेशी वापरण्याची सोय नाही, आणि तशी गरजही नाही.

पहिली ठिणगी कुठून येते? हृदय शरीराबाहेर काढल्यावरही थोडा वेळ धडधडतं, हे प्राचीन रोमन काळातल्या गॅलेननंही नोंदवलं होतं. तरी एकोणिसाव्या शतकात वाद चालूच राहिला: ठोका चेतातंतूंचा की स्नायूचा? वॉल्टर गॅस्केल यांच्या प्रयोगांनी कौल स्नायूच्या बाजूनं दिला. १९०७ मध्ये आर्थर कीथ आणि मार्टिन फ्लॅक यांनी उजव्या कर्णिकेत ठोका सुरू करणाऱ्या पेशींचा पुंजका शोधला. चकत्यांचं कोडं मात्र इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक येईपर्यंत सुटलं नाही. त्या दोन पेशींमधल्या खऱ्या सीमा आहेत, हे १९५०च्या दशकात दिसलं. तोवर हृदय ही एकच सलग पेशी आहे असं मानणारे बरेच होते.

चेतातंतू हृदयाला फक्त वेग कमी-जास्त करायला सांगतात. प्रत्यारोपित हृदयाला हा लगाम नसतो, म्हणून विश्रांतीतही ते मिनिटाला ९० ते ११० ठोके टाकतं.

सापाच्या हृदयाकडून उसनी घेतलेली कल्पना

आता सेन यांचा दुसरा, कमी माहीत असलेला प्रयोग. प्रत्यारोपणाच्या आधीपासून ते एका वेगळ्या प्रश्नामागे होते: हृदयाच्या रक्तवाहिन्या बंद झाल्या तर स्नायूला रक्त कसं द्यायचं? उत्तर त्यांनी सापाच्या हृदयात शोधलं. सापाच्या हृदयाचा स्नायू स्पंजासारखा असतो. आतल्या पोकळीतलं रक्त थेट त्याच्या फटींमध्ये शिरतं. मग माणसाच्या हृदयातही सुईनं बारीक छिद्रं पाडली तर? १९६५ मध्ये सेन आणि सहकाऱ्यांनी ही कल्पना मांडणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पुढे सुईच्या जागी लेझर आला, आणि १९९८ मध्ये अमेरिकेत त्या उपचाराला मान्यताही मिळाली. पण पाडलेली छिद्रं बहुतेक बुजून जातात असं नंतर दिसलं. काही रुग्णांच्या छातीतलं दुखणं कमी झालं, त्याचं कारण काय यावर वाद राहिला.

ही कल्पना इतकी अवघड का ठरली, हेही पेशीतच लिहिलेलं आहे. आपल्या हृदयाचा स्नायू सापासारखा सैल नाही, दाट आहे. दिवसाला सुमारे १ लाख वेळा आखडणाऱ्या या पेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तंतुकणिकांनी, म्हणजे ऊर्जा तयार करणाऱ्या कणांनी भरलेला असतो. त्यांना अखंड ऑक्सिजन हवा, म्हणून जवळपास प्रत्येक पेशीजवळून एक केशवाहिनी जाते. इतक्या बारीक जाळ्याची जागा काही छिद्रं कशी घेणार?

कंकाल स्नायू विश्रांतीत रक्तातला साधारण पाव भाग ऑक्सिजन घेतो. धावताना लागला तर आणखी घेतो, आणि तोही कमी पडला तर थोडा वेळ ऑक्सिजनशिवाय भागवतो. हृदय विश्रांतीतही सुमारे ७० टक्के घेऊन टाकतं. शिल्लक जवळपास नाहीच. म्हणून शस्त्रक्रियेसाठी हाताला पट्टा आवळून तासभर रक्त थांबवता येतं, पण हृदयात ते अर्धा तास थांबलं तरी पेशी मरू लागतात.

हे आपल्या शहरात का महत्त्वाचं?

राज्यातल्या चार विभागीय अवयव प्रत्यारोपण समन्वय केंद्रांपैकी एक छत्रपती संभाजीनगरात आहे. बर्फात गार ठेवलेल्या हृदयाला साधारण ४ तास मिळतात. मूत्रपिंडाला २४ तासही चालतं. मुंबई इथून रस्त्यानं सव्वातीनशे किलोमीटरहून दूर आहे. म्हणून चिकलठाण्याहून विमान आणि दोन्ही शहरांत ग्रीन कॉरिडॉर लागतो. ही सगळी धावपळ तंतुकणिकांच्या भुकेमुळे.

आणि एक गोष्ट त्याहून अवघड. अतिदक्षता विभागात डॉक्टर सांगतात, मेंदू मृत झालाय. समोर मॉनिटरवर ठोके दिसत असतात, हात कोमट असतो. नातेवाईक विचारतात, "मग हृदय कसं चालतंय?" प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर आपण वर पाहिलं: ठोका हृदयाचा स्वतःचा आहे, मेंदूचा नाही. कृत्रिम श्वासानं ऑक्सिजन मिळतोय तोवर तो चालतो. श्वासाचे स्नायू मात्र कंकाल स्नायू. मेंदूचा हुकूम थांबला की तेही थांबतात. म्हणून यंत्र लागतं.

सेन यांनी शस्त्रक्रिया केली तेव्हा मेंदूमृत्यूची कायदेशीर व्याख्या भारतात नव्हती. हार्वर्डच्या समितीचा यावरचा प्रसिद्ध अहवालसुद्धा त्यानंतर, ऑगस्ट १९६८ मध्ये आला. आपला मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा १९९४ चा. सुरुवातीला तो ज्या मोजक्या राज्यांत लागू झाला त्यांत महाराष्ट्र होता. त्याच वर्षी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. परळच्या त्या तीन तासांनंतर २६ वर्षांनी.

कायदा आहे, विमानतळ आहे, केंद्र आहे. निर्णय मात्र त्या खोलीबाहेर बसलेल्या घरच्यांनाच घ्यायचा असतो, आणि तोही थोड्या वेळात. चालणारं हृदय आणि जिवंत माणूस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांना आधीच ठाऊक असेल तर तो निर्णय सोपा होईल असं मी म्हणणार नाही. पण डॉक्टर आपल्याला फसवताहेत ही शंका तरी त्यात मिसळणार नाही.