गच्चीवरच्या तारांचा इतिहास

सोसायटीचा इतिहास म्हटला की नोंदणी, पाण्याची टाकी, लिफ्ट आणि रंगकाम आठवतं. पण या २५ वर्षांत घरोघरी सर्वांत जास्त चर्चा झालेला प्रश्न वेगळाच : टीव्ही आणि इंटरनेट घ्यायचं कुणाकडून?

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं. तेव्हा निवडीचा प्रश्नच नव्हता, अँटेना फिरवायचा आणि खालून "आलं, आलं!" अशी हाक आली की थांबायचं. १९९१ च्या आखाती युद्धानंतर केबल पसरली, १९९२ मध्ये झी टीव्ही आला. आपण पनवेलला राहायला आलो तेव्हा एरियात एकच केबलवाला. चॅनल तोच ठरवणार, पैसेही तोच. मॅचच्या दिवशी चित्र गेलं तर अख्ख्या विंगचं जायचं.

२००३ पासून डीटीएच आलं आणि पहिल्यांदा शेजाऱ्याला न विचारता निवड करता आली. गच्चीवर छत्र्यांची रांग लागली. पण पनवेलच्या पावसाने तिचीही परीक्षा घेतली. डीटीएचच्या छोट्या छत्रीवर येणारे कू-बँडचे सिग्नल जोरदार सरीत क्षीण होतात. म्हणून जुलैत ऐन मालिकेच्या वेळी पडदा निळा व्हायचा आणि केबलवाल्यांचा टीव्ही मात्र चालू! २०१९ मध्ये ट्रायच्या नियमांनी हवे तेच चॅनल निवडायचा हक्क दिला. तेव्हा १०० चॅनलचं मूळ भाडं करासह सुमारे १५४ रुपये होतं.

इंटरनेटचंही तसंच. सुरुवातीला नेट लावलं की फोन एंगेज. २००४ च्या सरकारी धोरणात २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हटलं होतं. आज तेवढ्यात नातवाचा व्हिडिओ कॉलही नीट चालणार नाही. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा आणि ऑफिस दोन्ही घरात आले. तेव्हा कळलं, की लाइन बंद पडणं म्हणजे फक्त करमणूक बंद होणं नव्हे.

आता प्रत्येक घर आपापली कंपनी निवडतं. पण तार येते ती सगळ्यांच्या गच्चीवरून, जिन्यातून, डक्टमधून. छत्रीच्या बोल्टसाठी स्लॅबला भोक पडतं आणि गळती वरच्या मजल्यावरच्यांच्या वाट्याला येते. एकाच कंपनीला बिल्डिंग दिली, तर सुरुवातीला स्वस्त पडेल. पण दुसरी कंपनी आत येऊ शकली नाही, तर पुन्हा तो एकच केबलवाला आलाच म्हणायचं, फक्त नाव नवं.

म्हणून रौप्यमहोत्सवी वर्षात सर्वसाधारण सभेने तीन साधे ठराव करावेत : कुणालाही एकाधिकार नाही, गच्चीवर काम लेखी परवानगीनेच, आणि कनेक्शन बंद केलं की जुनी वायर काढून न्यायची. पुढच्या २५ वर्षांत काय येईल ते येवो, आपल्या मुलांना निवड करता आली पाहिजे. आणि हो, गच्चीवर पापड वाळवायलाही थोडी जागा उरू द्या!