हैदराबाद संस्थानाची परराष्ट्र वकिलात (१९४७-४८) आणि हिंगोली परिसर

हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या हैदराबाद संस्थानात समाविष्ट होता. १५ ऑगस्ट १९४७ नंतर पैनगंगेपलीकडील वऱ्हाडात भारत सरकारचा अंमल होता. अलीकडील तीरावर मात्र स्वतंत्र राष्ट्र म्हणून मान्यता मिळविण्याचा खटाटोप चालू होता.

२९ नोव्हेंबर १९४७ च्या जैसे थे करारान्वये परराष्ट्र व्यवहार, संरक्षण व दळणवळण यासंबंधीची ब्रिटिशकालीन व्यवस्था कायम राहिली. अर्थात संस्थानास परदेशी राजदूत नेमण्याचा अधिकार प्राप्त झाला नाही. करारात परस्परांकडे 'एजंट' नेमण्याची तरतूद होती. त्यानुसार कन्हैयालाल मुन्शी हैदराबादेत आणि झैन यार जंग दिल्लीत आले. परंतु लंडन व कराची येथेही संस्थानाचे प्रतिनिधी कार्यरत होते. पदनाम 'एजंट जनरल' असले तरी त्यांचे कार्य वकिलातीचेच होते, असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.

ऑगस्ट १९४८ मध्ये संस्थानाने संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार दाखल केली. पॅरिस येथे मोईन नवाज जंग यांच्या शिष्टमंडळाने ती मांडली, तेव्हा भारतीय फौजा संस्थानात शिरल्या होत्या. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली व २२ सप्टेंबरला तक्रार मागे घेतली. अशा रीतीने ज्या राज्याचे वकील परदेशात बोलत होते, ते राज्यच उरले नाही.

या प्रयत्नांचा सर्वांत दीर्घकाळ टिकलेला अवशेष म्हणजे लंडनमधील बँक खाते. २० सप्टेंबर १९४८ रोजी लंडनस्थित प्रतिनिधीमार्फत १०,०७,९४० पौंड ९ शिलिंग एवढी रक्कम पाकिस्तानचे उच्चायुक्त हबीब इब्राहिम रहिमतुल्ला यांच्या नावे वर्ग झाली. आठवड्याभरातच निजामाने ती परत मागितली. पण खातेदाराच्या संमतीशिवाय पैसे देण्यास बँकेने नकार दिला. हिंगोलीसारख्या तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या शेतसाऱ्यावर ज्या राज्याचा खजिना भरत असे, त्याच राज्याच्या नावे हा पैसा परदेशी गेला होता; पुढील वादात मात्र त्या रयतेचा उल्लेखही नव्हता.

१९५७ साली ब्रिटनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये पाकिस्तानच्या सार्वभौम संरक्षणाच्या मुद्द्यावर दावा अडला. अखेर २ ऑक्टोबर २०१९ रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने पाकिस्तानचा दावा फेटाळला. तोवर सुमारे साडेतीन कोटी पौंडांपर्यंत वाढलेल्या या रकमेवर सातव्या निजामाचे दोन नातू व भारत सरकार यांचा हक्क मान्य करण्यात आला.