धाडस
धाडस (नाम, नपुं.): भीतीला न जुमानता धोका पत्करून कृती करण्याची वृत्ती, तशी कृती. विशेषण : धाडसी. समानार्थी : साहस, हिंमत, धैर्य, धारिष्ट, निडरपणा, जिगर.

अर्थच्छटा : हे शब्द सर्वत्र एकमेकांच्या जागी चालत नाहीत. संकटात खचत नाही त्याच्यापाशी धैर्य; रणांगणावर दिसते ते शौर्य; आपण होऊन पुढे पाऊल टाकणे हे धाडस. ‘धारिष्ट’ संस्कृत धार्ष्ट्यापासून आले, म्हणून त्यात धिटाईची छटा आहे. ‘साहस’ प्राचीन धर्मशास्त्रात बळजबरीच्या गुन्ह्यासाठी वापरत. ‘हिंमत’ अरबी, ‘जिगर’ फारसी.

वाक्प्रचार : छातीचा कोट करणे, जिवावर उदार होणे. विरुद्धार्थी : भित्रेपणा, कच खाणे.

लोकजीवनात : मध्य प्रदेशातील सौंसर-पांढुर्णा हा मराठीभाषक पट्टा २०२३ मध्ये पांढुर्णा जिल्हा झाला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधील जाम नदीवर ‘गोटमार’ होते. पात्रात पळसाचे झाड रोवून त्यावर झेंडा लावतात. दोन्ही काठांवरून गोट्यांचा मारा सुरू असताना कुऱ्हाड घेऊन झाडापर्यंत पोहोचणारा गडी धाडसी ठरतो. झाड शेवटी चंडीमातेच्या मंदिरात नेतात. या खेळात दरवर्षी अनेक जण जखमी होतात, काहींचे प्राणही गेले आहेत. त्यामुळे परंपरेचे पाईक ज्याला धाडस म्हणतात, त्याला टीकाकार अविचार म्हणतात.