धूर म्हणजे न जळालेले सरपण

राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी पेठ वसवली आणि कोल्हापूरचा गूळ व्यापार तेथे स्थिरावला. गुऱ्हाळाला सरपण सहसा विकत घ्यावे लागत नाही. उसाचे चिपाड वाळवून तेच चुलवाणात घालतात. फुकटच्या सरपणाचा हिशेब मात्र कोणी फारसा ठेवत नाही. तो मांडून पाहू.

१०० किलो रसात सुमारे ८० किलो पाणी असते. १ किलो पाण्याची वाफ करायला ५४० किलोकॅलरी लागतात. रस तापवण्याची उष्णता धरून एकूण गरज सुमारे ५०,००० किलोकॅलरी होते. १ किलो वाळल्या चिपाडातून अंदाजे ३,५०० किलोकॅलरी मिळतात. म्हणजे १४-१५ किलो चिपाड पुरायला हवे. प्रत्यक्षात याच्या दुपटीहून अधिक जळते. गळती दोन ठिकाणी आहे. सरपण पुरते जळत नाही, हा धूर. आणि निर्माण झालेली उष्णता काहिलीला न मिळता गरम वायूंबरोबर निघून जाते.

घरातल्या चुलीचेही असेच आहे. स्वातंत्र्याच्या सुमारास वर्ध्याच्या मगनवाडीत धुराडे असलेली 'मगन चूल' तयार झाली. १९८३ मध्ये केंद्र सरकारने सुधारित चुलींचा कार्यक्रम हाती घेतला. २००२ मध्ये तो थांबला, तोवर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्याची नोंद झाली होती. त्यांपैकी अनेक थोड्याच वर्षांत मोडल्या. धुराडी काजळीने तुंबली. अनुदान चूल बसवण्यासाठी होते, दुरुस्तीसाठी नव्हते. शिवाय धुराडे धुराला घराबाहेर काढते, नाहीसे करत नाही. चुलीपुढच्या बाईला त्याने दिलासा मिळतो, पण गळती बुजत नाही.

पुण्यात १९९६ मध्ये डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या 'आरती' या संस्थेने वेगळी वाट धरली. शेतात पेटवून दिल्या जाणाऱ्या उसाच्या पाचटाचा त्यांनी बंद पिंपांत कोळसा केला. पाचट तापताना निघणारे ज्वलनशील वायू भट्टीतच जळतात. म्हणजे एरवी धूर झाला असता तोच इंधन होतो. या कामाला २००२ मध्ये ब्रिटनचा अ‍ॅश्डेन पुरस्कार मिळाला. कोळशाला धूर नसतो. मात्र कार्बन मोनॉक्साइड निघतो, म्हणून खेळती हवा हवीच.

१९८१ च्या हवा प्रदूषण कायद्याचा भर कारखान्यांवर राहिला. स्वयंपाकघर त्याच्या कक्षेत आले नाही. २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, त्यात कोल्हापूर आणि सांगली ही दोन्ही शहरे आहेत. शहराभोवतीच्या धुराचा विचार करताना 'बंद करा' एवढेच म्हणून गुऱ्हाळवाला किंवा गृहिणी ऐकणार नाही. 'तुमचे इतके सरपण वाया जाते' हे आकड्यांनी दाखवले तर दोघेही ऐकतील. वरचा हिशेब आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांना सहज करता येईल. जवळच्या गुऱ्हाळावर प्रत्यक्ष वजने घेऊन तो त्यांच्याकडून जरूर करून घ्यावा.